अण्णांचं बोलणं हलवताना

या अंकाच्या संपादक बाईंचा जुना संगणक मागच्या वर्षी मीच नव्यात रिकामा केला. त्यांच्या फाइली हलवताना मी काय काय पाहिलं असेल या शंकेने त्या तेव्हापासून माझ्याशी फार गोड वागतात, आणि त्याच गोडव्यात त्यांनी मला लिहायला सांगितलं. मी म्हटलं, अनुभव निवृत्त माणसं लिहितात, माझा तर अजून पहिलाच स्कूटरचा टायर झिजतोय. त्या म्हणाल्या, तू बोलत नाहीस म्हणून लिही.

मी बोलत नाही हे खरं आहे. वडील पिंपरीत कंपनीत होते. त्यांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलं आणि घरी आल्यावर मराठीत रागावले, त्यामुळे दोन्ही भाषा मला समजतात पण कोणत्याही भाषेत पटकन उत्तर सुचत नाही. आमच्या धंद्यात हा गुण धरला जातो. संत तुकाराम नगरमध्ये पोळ सरांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे मी काम करते. मरायला टेकलेल्या संगणकातला माल सुखरूप बाहेर काढून नव्यात नेऊन ठेवायचा, हे माझं मुख्य काम. दुकानात याला ‘शिफ्टिंग’ म्हणतात. फोन येतो तोही ‘शिफ्टिंगवाल्या मॅडम आहेत का’ असाच. एका गृहस्थांनी टेम्पो आपलाच की वेगळा सांगायचा, असंही विचारलं होतं.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे इकडची फाइल तिकडे ओढणं वाटतं. संगणक धडधाकट असला तर तेवढंच असतं. पण धडधाकट संगणक कोणी बदलत नाही. माझ्याकडे येतात ते आचके देणारे. जुन्या संगणकाच्या पोटात एक गोल चकती फिरत असते आणि एक बारीक काटा तिच्यावरून माहिती वाचत असतो. हा काटा थकला की आतून टक, टक असा आवाज येतो. असा आवाज आला की एकच पथ्य: त्याला बंद-चालू, बंद-चालू करायचं नाही. आणि लोक नेमकं तेच करतात, वर दोन चापट्याही मारतात. थकलेला काटा थोडा वेळ काम करतो, मग रुसतो. रुसला की थांबायचं, गार होऊ द्यायचं, मग पुन्हा थोडं मागायचं. किती देईल याची खात्री नसते. म्हणून सगळ्यात आधी विचारायचं की पहिल्यांदा काय काढू? यावर ग्राहकांचं उत्तर ठरलेलं असतं: सगळंच महत्त्वाचं आहे.

मग हळूहळू खरं बाहेर येतं. तळेगाव दाभाड्याच्या एका निवृत्त मास्तरांनी मला पडद्याकडे पाठ करून बसवलं आणि फाइली हलत असताना स्वतः पहारा दिला. नंतर कळलं, त्या कविता होत्या. मारुंजीतला एक मुलगा स्वतः सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पदावर, पण लॅपटॉप घेऊन तोंड लपवत आला आणि त्याच्या ऑफिसात कोणाला सांगू नका म्हणाला. एका काकांनी जुन्याचा मंदपणा नव्यात येणार नाही ना, अशी काळजी केली. आणि एका सोसायटीच्या चिटणिसांची सगळी कागदपत्रं कचऱ्याच्या डब्यात होती. म्हणजे पडद्यावर तो डबा असतो ना, पुसलेल्या फाइलींचा, त्यात. मी डबा रिकामा करणार तेवढ्यात ते खुर्चीवरून उठले. चेअरमन सगळीकडे शोधतात हो, ते म्हणाले, पण कचऱ्यात हात घालत नाहीत.

मी कोणालाही हसले नाही. दुकानात येऊन हसले.

पण सांगायचं आहे ते चाकणचं.

चाकणच्या औद्योगिक भागात अण्णांचा एक छोटा कारखाना आहे. पत्र्याचे लहान लहान भाग दाबून काढायचे आणि गाड्यांच्या मोठ्या कंपनीला द्यायचे. अण्णा मूळचे तिथल्याच गावचे. कारखान्यांसाठी जमीन गेली तेव्हा आलेल्या पैशात बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, अण्णांनी प्रेस मशिनी घेतल्या. शिक्षण गावच्या शाळेपुरतं, आवाज मात्र प्रेस मशिनीच्या वर जाणारा. हिशेब आणि ऑफिस सांभाळायला सुरेखाताई, त्या आमच्या पिंपरीच्याच. फोन त्यांचाच आला. म्हणाल्या, मॅडम, आमचा संगणक उचक्या देतोय, आणि अण्णा त्याला पाणी पाजायचं म्हणतायत, लवकर या.

पाणी पाजायचं ही मला गंमत वाटली होती. तिथे जाऊन संगणकाचं झाकण उघडलं तेव्हा ती गंमत नव्हती हे कळलं. आत हळद होती, कुंकू होतं, अक्षता होत्या, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या आणि तळाला काहीतरी वाळून चिकट झालेलं होतं, त्यावर मुंग्या लागल्या होत्या. दर खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. प्रेस, ग्राइंडर, हातोडे, पाने, सगळे ओळीने. संगणक आला तेव्हापासून तोही ओळीत. प्रत्येक यंत्राच्या पायाशी नारळ फोडायचा आणि पाणी यंत्रावर शिंपडायचं. प्रेसला त्याचं काही वाटत नाही.

“मी दरवर्षी सांगते, फुलं वर ठेवा, जाळीतून आत टाकू नका,” सुरेखाताई म्हणाल्या.

“यंत्राच्या पोटात गेल्याबिगर पूजा कशी लागायची?” अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून जरा खालच्या आवाजात, “ए पोरी, हिशोबाचं र्‍हाऊ दे. ते बाईनं चार ठिकाणी ठेवलंय. माझं बोलणं तेवढं वाचव.”

बोलणं म्हणजे काय ते मला सुरेखाताईंनी समजावलं. अण्णांना लिहायचा कंटाळा. पण या धंद्यात काही गोष्टी लिहून ठेवाव्याच लागतात. पत्र्याचा भाग काढायला एक लोखंडी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. डाय प्रेसवर चढवली की लगेच माल निघत नाही, ती जमवावी लागते. खाली बारीक पत्र्याचे तुकडे किती घालायचे, दणका किती खोल द्यायचा, तेल कोणतं लावायचं. एकदा जमलं की ते लक्षात ठेवायचं, कारण तोच भाग पुन्हा कधी मागतील सांगता येत नाही. दुसरे लोक वहीत मांडतात. अण्णांना सुरेखाताईंनी संगणकाला एक माइक लावून दिला आणि लाल बटण दाखवलं. तेव्हापासून डाय जमली की अण्णा केबिनमध्ये येणार, सगळ्यांना बाहेर काढणार, दार लावणार आणि संगणकाला सांगणार.

आणि आता त्या बोलण्याशिवाय अडलं होतं. कंपनीने आता बनवणं बंद केलेल्या एका गाडीच्या दुरुस्तीसाठी एक जुना भाग पुन्हा मागितला होता. त्याला कंपनीत मोठा नंबर असेल, कारखान्यात त्याचं नाव ‘मांजरकान’. आकार तसाच. दुसऱ्या दिवशी कंपनीचे तपासणी साहेब नमुना बघायला येणार होते. नमुना पास झाला तर मागच्या दोन प्रेस मशिनींना काम मिळणार होतं, त्या आधीच थंड पडल्या होत्या. नापास झाला तर भाग दुसरीकडे जाणार. आणि अण्णांचा मुलगा सागर, हिंजवडीत नोकरीला, याचीच वाट बघत होता. शेड रिकामी करून गोडाऊनला भाड्याने द्यायची, असं तो दर रविवारी जेवताना म्हणायचा. नवा संगणक त्यानेच पाठवला होता. आधी वाटलं वडिलांसाठी. सुरेखाताई म्हणाल्या, गोडाऊनच्या भाड्याचा हिशेब ठेवायला.

डाय मिळाली होती, प्रेस तयार होता, पण गोरख काढेल तो प्रत्येक मांजरकान कोपऱ्यावर फाटत होता. गोरख प्रेसवरचा माणूस, बीडकडचा, मांजरकान बंद झाल्यावर कामाला लागलेला. त्याला हा भाग नवा.

“आणि तुम्हाला आठवत नाही का, अण्णा?” मी विचारलं. अशा वेळी मी शक्यतो विचारत नाही, पण तोंडातून गेलं.

“कसं आठवंल? मी त्याला सांगून ठेवलं की न्हाई,” त्यांनी संगणकाकडे बोट केलं. “सांगितलं म्हणून तर इसरलो.”

मी चकती बाहेर काढली, पुसली, चकत्या वाचायच्या माझ्या डब्याला जोडली आणि कामाला लागले. ती थोडा वेळ शहाण्यासारखी वागली, मग टक, टक करू लागली. मी थांबवलं. गोरखने कामगारांचा पंखा उचलून तिच्यासमोर आणला. कामगार घामाघूम आणि चकती वाऱ्यात. अण्णा मधूनच दारातून डोकावून ‘किती झालं’ विचारायचे, आणि मी ‘चाललंय’ म्हणायचे. आजारी माणसाच्या खोलीबाहेर बसतात तसे ते ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिले होते. चहा आला तो त्यांनी घेतला नाही, त्यावरून सुरेखाताईंना प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

कारखाना बंद व्हायच्या वेळेपर्यंत बहुतेक सगळं आलं. थोड्या फाइली चकतीने शेवटपर्यंत दिल्या नाहीत. मी पंख्यासमोर धरून, आडवी ठेवून, उभी ठेवून बघितलं. अशा वेळी ग्राहकाला खरं सांगायचं असतं, आणि ते मला अजून नीट जमत नाही. काही गेल्या, एवढंच म्हणाले.

“त्यात काय हुतं?”

“ते सांगता येत नाही, अण्णा.”

अण्णा बाकावरून उठले. “म्हंजे मी काय इसरलो ते बी मला आता कळायचं न्हाई.”

या कामात जे वाचतं ते लोक दुसऱ्या दिवशी विसरतात, जे जातं ते मी लक्षात ठेवते. काय गेलं ते माहीत नसतानाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी अडचण उभी राहिली. मांजरकान शोधायचं कुठे? फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. जुन्या संगणकातला घड्याळाचा सेल कधीच मेला होता, त्यामुळे रोज सकाळी चालू झाला की त्याला एक जानेवारी वाटायची. सगळं बोलणं एकाच तारखेचं. शिवाय एका ठिकाणी फार फाइली झाल्या की अण्णांना ते भरून सांडेल अशी भीती वाटायची, मग सुरेखाताई नवा कप्पा करून द्यायच्या. ‘अण्णा’, ‘अण्णा नवीन’, ‘अण्णा एकदम नवीन’. एकदम नवीन हाच सगळ्यात जुना निघाला.

ऐकण्यावाचून इलाज नव्हता. मी माझे इअरफोन काढले. अण्णांनी ते हातात घेऊन परत दिले. “तू कानात घालून काय करशील? तुला वाकडा चमचा आन् मांजरकान यातला फरक कळतोय व्हय? मोठ्यानं लाव.”

मला जे दिसत होतं ते अण्णांना दिसत नव्हतं. केबिनची भिंत प्लायवूडची. बाहेर चहाची सुट्टी. आणि अण्णांनी वर्षानुवर्षं दार लावून संगणकाला जे सांगितलं होतं त्यात डायचं बोलणं किती आणि बाकीचं किती, याची मला कल्पना येऊ लागली होती, कारण आदल्या दिवशी फाइली नीट आल्या की नाही हे बघायला दोन-चार मी थोड्या थोड्या ऐकल्या होत्या. पण हे सांगायचं कसं? मी लावलं.

“वाकडा चमचा. खाली तीन तुकडं, तेल जादा. आन् गोरख आज पुन्हा उशिरा. म्हणतोय बस चुकली. बस न्हाई चुकत, ह्योच चुकतोय.”

दारात गोरख उभा होता. अण्णा कॅलेंडर बघू लागले.

“अण्णा, ती बस खरंच चुकली व्हती बगा,” गोरख म्हणाला.

“गप. पुढचं लाव.”

पुढच्यात सुरेखाताईंनी चहातली साखर कमी केल्याची तक्रार होती. डॉक्टरने सांगितलं म्हणे, पण डॉक्टर माझा का तिचा, असा सवाल होता. सुरेखाताईंनी बिलं लावता लावता मान वर न करता सांगितलं की आता आणखी कमी होईल. त्याच्या पुढच्यात शेजारच्या शेडवाल्याची मापं काढली होती, ती इथे देण्यासारखी नाहीत. बाहेर प्लायवूडला टेकून उभे राहिलेले कामगार आपलं नाव येण्याची वाट बघत होते, आणि आलं की बाकीचे त्याला टाळी देत होते. ज्याचं नाव आलं नाही तो खट्टू झाला. अण्णांच्या डोक्यावर घाम आला होता, पण थांबवा म्हणता येत नव्हतं. मांजरकान त्याच ढिगात होतं.

मग एक फाइल आली, तिच्यात डाय नव्हतीच. आवाजही वेगळा, हळू. “सागर म्हणतोय शेड देऊन टाका. घरबसल्या भाडं येईल. म्हटलं, घरी बसून मी काय करू? इथं निदान प्रेस माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतंय.”

बाहेरची टाळ्यांची गंमत थांबली. अण्णांनी खिशातून रुमाल काढून टेबल पुसलं, ते स्वच्छ होतं. मी पुढची फाइल लावली, न विचारता.

आणि नेमके तेव्हाच तपासणी साहेब आले. दुपारी यायचे ते सकाळीच आले, त्यांची ती पद्धतच होती म्हणे. वेंकटेशन साहेब. अण्णा त्यांना व्यंकटसाहेब म्हणायचे. उंच, बारीक, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी मापायचा व्हर्नियर. बोलणं हिंदी-इंग्रजीत, तेही मोजून. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, सुरेखाताईंनी चहा दिला, आणि काय चाललंय असं त्यांनी विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं की जुनी नोंद शोधतोय, आवाजात आहे. त्यांनी मान हलवली आणि चालू द्या म्हणाले.

आता साहेबांसमोर मोठ्याने लावायचं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी वर, पत्र्याच्या छपराकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

“मांजरकान. जमलं बरं का आज.”

अण्णा खुर्चीतून उठले. गोरख दारातून आत आला.

“ध्यान देऊन ऐक. खाली दोन तुकडं, डाव्या अंगाला अर्धा जादा. पर खरी मेख तिथं न्हाई. पत्र्याला बी लाकडावानी उभं-आडवं अंग असतंय. आपण पट्टी लांबीत कापत हुतो, म्हणून वाकताना कोपरा चिरायचा. पट्टी रुंदीत कापायची. थोडा पत्रा वाया जातो, जाऊ द्या. कान फाटत न्हाई.”

गोरख गेलासुद्धा. बाहेर त्याने कोणालातरी कात्रीवर पत्रा आडवा धरायला सांगितलेलं ऐकू आलं. माझं काम इथे संपलं होतं, आणि माझं बोट थांबवण्याच्या बटणावर होतं. पण अण्णा आनंदात माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले, मी गडबडले, आणि फाइल पुढे चालू राहिली.

“ह्ये सगळं त्या व्यंकटसाहेबामुळं...”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “दॅट इज मी, नो?” त्यांनी विचारलं. आणि मी थांबवायच्या आत, हात वर करून, चालू दे म्हणून खूण केली.

“...किडकिडीत माणूस. खिशात व्हर्नियर. काळीज काढून बघितलं तर तिथं बी व्हर्नियरच असंल. चहा बी मापून पितो, जणू आमी त्यात काय घातलंय. माझा पीस असा धरून बघतो, जसा सोनारानं पितळ धरावं. सगळा ढीग माघारी पाठवला. म्हणतोय कोपऱ्याला चीर हाय. आमच्या कुणाच्या डोळ्याला दिसंना. म्हटलं, ह्याच्याच डोळ्याला चीर हाय. पर एक पीस घरी नेला, भिंगाखाली धरला. केसावानी चीर हुती. त्याचं बरोबर हुतं. ह्ये त्याला कधी सांगायचं न्हाई.”

फाइल संपली. नव्या संगणकाचा आवाज फार स्वच्छ होता.

साहेबांनी माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणतात ते सांगाल का? वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं ते या दिवसासाठी, असं माझ्या मनात आलं. नमुना अजून प्रेसवरून उतरला नव्हता. हा माणूस चिडला तर चांगला पीसही उजेडाकडे धरून नापास करू शकत होता, आणि मग त्या दोन प्रेस, ती प्लायवूडबाहेरची माणसं, सागरचं गोडाऊन. मी अण्णांकडे पाहिलं. ते माझ्या कानाशी वाकले.

“सांग की. शिव्या सगळ्या सांग, त्याचं मला काय न्हाई. शेवटचं तेवढं सांगू नगं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण अण्णांचं तोंड अगदी गंभीर होतं. माणसाने दिलेली शिवी परत घेता येते, कबुली घेता येत नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

मग मी सांगितलं. तुम्ही बारीक आहात, म्हणाले. नेहमी व्हर्नियर जवळ ठेवता, आणि मनानेही काटेकोर आहात. चहा प्रमाणात घेता. पीस सोनारासारखा बारकाईने बघता. एकदा तुम्ही माल परत पाठवलात, तेव्हा त्यांना तुमच्या डोळ्यांची काळजी वाटली. माझ्या इंग्रजीत सगळं धुऊन, इस्त्री करून बाहेर आलं. साहेबांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली, थँक यू म्हणाले आणि उठून प्रेसकडे गेले. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, पोरी, एवढं लांब मी बोललो आन् तू एवढ्यात उरकलंस? सुरेखाताईंनी त्यांना बाहेर ढकललं.

गोरखने पट्टी घातली. दणका बसला. मांजरकान ट्रेमध्ये पडलं. मग दुसरं, तिसरं. मला त्यातलं काही कळत नाही, पण सगळे ज्या कोपऱ्याकडे बघत होते त्याच कोपऱ्याकडे मीही बघत होते. साहेबांनी व्हर्नियर काढला. एक पीस मापला, उलटा करून मापला, बॅगेतून भिंग काढलं, खिडकीपाशी गेले आणि कोपरा बघत राहिले. फार वेळ. एव्हाना प्रेस थांबला होता आणि कारखान्यात पहिल्यांदाच मला माझा श्वास ऐकू आला. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते आणि पाठीमागे ते हात एकमेकांना चुरगळत होते.

साहेबांनी दुसरा पीस घेतला. मग तिसरा. मग तिन्ही ओळीने टेबलावर ठेवले आणि व्हर्नियर मिटला.

“पीस पास,” ते म्हणाले. स्वच्छ मराठीत. थोडी दक्षिणेकडची चाल होती, पण एकही शब्द वाकडा नव्हता. “मॅडमचं भाषांतर रिजेक्ट. एक वाक्य कमी भरतंय.”

नंतर कळलं, ते चिंचवडला इतकी वर्षं राहतात की त्यांची मुलगी मराठी शाळेत शिकून आता दुसऱ्यांना शिकवते. कारखान्यांमध्ये मात्र ते मराठी बोलत नाहीत. न बोलता जास्त ऐकू येतं म्हणे. मला हा माणूस एकदम ओळखीचा वाटला.

पण त्या क्षणी बाहेरची माणसं हसू दाबत होती, गोरख तेलाच्या डब्याकडे वळला होता. अण्णांचे कान लाल झाले होते. माल पास झाल्याचा आनंद आणि चोरी पकडली गेल्याची लाज एकाच तोंडावर मावत नव्हती.

“व्यंकटसाहेब, मंग आता ह्याचं काय करायचं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“नेहमीचं. रिजेक्ट झालं तर दुरुस्त करून पुन्हा दाखवायचं.”

अण्णांनी घसा साफ केला. एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा त्या तीन मांजरकानांकडे. प्रेसच्या वर जाणारा तो आवाज कुठेतरी अडकला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जवळजवळ विनवणी केली.

“पोरी, तूच सांग. इंग्रजीत सांग. इंग्रजीत मला कमी लागंल.”

मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, की भिंगाखाली चीर दिसली आणि तुमचं बरोबर होतं, असं ते म्हणतात.

साहेबांनी व्हर्नियर खिशात परत ठेवला.

“पास,” ते म्हणाले.